पेन्शन कंपनी देते की सरकार? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं कुपवाड, पलूस, वाळवा, तासगाव, कराड, कोरेगाव इथली आहेत. फाउंड्री, साखर कारखाना, सूतगिरणी, हळदीची पेढी. सरकारी नोकरीतलं एकही नाही. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मनातली शंका एकच आहे: खासगी नोकरदाराच्या पेन्शनमागे नेमकं उभं कोण?

कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीत मी मोल्डर आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २२,००० रुपये. डबा खाताना रोज वाद होतो. एक म्हणतो पेन्शन कंपनी देते, दुसरा म्हणतो आपल्याच पगारातून कापतात, तिसरा म्हणतो सरकार देतं. खरं कोणाचं?

पहिला आणि तिसरा मिळून बरोबर आहेत. दुसऱ्याचा हिशेब चुकला आहे, पण त्याचा राग अगदीच निराधार नाही.

तुमच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे २,६४० रुपये कापले जातात. ते सगळेच्या सगळे भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे तुमच्या पीएफ खात्यात जातात. पेन्शनमध्ये त्यातला एक रुपयाही जात नाही. कंपनीही तेवढीच रक्कम भरते आणि फाटा फुटतो तो तिथे. कंपनीच्या हिश्शातून ८.३३ टक्के पेन्शन फंडात वळतात, पण ते १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच. म्हणून पगार २२,००० असो की ८०,०००, पेन्शनकडे महिन्याला जातात १,२५० रुपयेच. कंपनीचे उरलेले १,३९० तुमच्या पीएफमध्ये पडतात. केंद्र सरकार त्याच मर्यादेवर १.१६ टक्के, म्हणजे १७४ रुपये घालतं. एकूण झाले १,४२४. तुमच्या नावाने पेन्शन फंडात दरमहा पडणारा पैसा हा एवढा.

काही कंपन्या पीएफसुद्धा १५,००० वरच कापतात. तिथे तुमचे १,८०० आणि कंपनीचे पीएफमध्ये ५५०, पेन्शनला मात्र १,२५० तसेच. पगाराची चिठ्ठी समोर धरून बघा, यांपैकी एक जोडी तुम्हाला दिसेलच.

आता दुसऱ्याच्या रागाबद्दल. नेमणूकपत्रात हल्ली सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावर होणारा एकूण खर्च, लिहितात आणि कंपनीचा हिस्सा त्यातच धरतात. कामगाराला वाटतं, माझ्याच ताटातलं काढून मला वाढलं. भावना समजण्यासारखी आहे; कायद्याच्या लेखी मात्र तो पैसा मालकाचाच.

या योजनेचं नाव कर्मचारी पेन्शन योजना १९९५, बोलीत ‘ईपीएस पंच्याण्णव’. १६ नोव्हेंबर १९९५ ला ती सुरू झाली. त्याआधी १९७१ ची कुटुंब पेन्शन योजना होती, त्यात कामगार गेल्यावर घरच्यांना मिळायचं, कामगाराला स्वतःला नाही. पैसा मालक आणि सरकार घालतात, पण पेन्शनचा शब्द मालकाने दिलेला नसतो. तो कायद्याने दिलेला आहे आणि पाळायचा आहे भविष्य निर्वाह निधी संघटनेने. म्हणून उद्या तुमच्या फाउंड्रीची भट्टी विझली तरी चालू झालेली पेन्शन थांबत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदाच पीएफमध्ये आला आणि ज्याचा पगार तेव्हाच १५,००० च्या वर होता, तो या पेन्शन योजनेत येतच नाही. त्याच्या वाट्याचे कंपनीचे पूर्ण १२ टक्के पीएफमध्ये जायला हवेत. काही हिशेबनीस सवयीने त्याचेही १,२५० पेन्शनला पाठवत राहतात. दहा-बारा वर्षांनी दावा अडतो तेव्हा ते उघडकीला येतं. घरात नवा इंजिनिअर असेल तर त्याचं पीएफचं पासबुक आजच उघडून बघा.

पासबुकात पेन्शनच्या रकान्यात माझे दीड लाखाच्या वर जमा दिसतात. ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होताना ते व्याजासकट मिळणार ना? (कोरेगाव)

नाही. तो रकाना तुमची शिल्लक दाखवत नाही, तुमच्यासाठी किती भरलं गेलं त्याची नोंद दाखवतो. त्यावर व्याज धरत नाहीत. सगळ्यांचा पैसा एकाच हौदात जातो आणि पेन्शन सूत्राने ठरते. पीएफ म्हणजे तुमचा स्वतःचा रांजण, पेन्शन म्हणजे गावची टाकी. टाकीतून पाणी किती यायचं ते तुम्ही किती ओतलं यावर ठरत नाही.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत १ जुलै २००१ ला फिटर म्हणून लागलो. ३० जून २०२६ ला ५८ पूर्ण. पगार आता ३०,००० आहे. पेन्शन किती बसेल? ऑफिसमधला म्हणतो साडेपाच हजारांच्या वर, मला पटत नाही.

तुमचा संशय खरा आहे. सूत्र असं: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पेन्शनयोग्य पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, तीही १५,००० च्या वर धरत नाहीत. ऑफिसवाल्याने २५ वर्षांत २ मिळवून २७ केले, १५,००० ने गुणले, ७० ने भागले आणि ५,७८६ काढले. त्याची चूक इथेच झाली.

१५,००० ची मर्यादा आली १ सप्टेंबर २०१४ ला. त्याआधी, १ जून २००१ पासून, ती ६,५०० होती. म्हणून सेवेचे दोन तुकडे पडतात. तुमचा पहिला तुकडा जुलै २००१ ते ऑगस्ट २०१४, म्हणजे १३ वर्षं २ महिने. ६,५०० गुणिले १३.१७ भागिले ७०, साधारण १,२२३ रुपये. दुसरा तुकडा ११ वर्षं १० महिने. १५,००० गुणिले ११.८३ भागिले ७०, साधारण २,५३५. बेरीज ३,७५८. वीस वर्षांहून जास्त सेवा असल्याने दोन वर्षांची भर मिळते, त्याचे थोडे वर. चार हजारांच्या आसपास धरून चाला. कार्यालय दिवसांवर हिशेब करतं, त्यामुळे पाच-दहा रुपयांचा फरक पडेल.

३०,००० च्या पगाराला ४,००० पेन्शन, हे ऐकून बरेच जण हबकतात. जास्त पगारावर पेन्शन मिळवण्याचा पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर काही काळ खुला होता, पण कामगारांनी अर्ज करायची मुदत ११ जुलै २०२३ ला संपली. आता कोणी ‘करून देतो’ म्हणत पैसे मागत असेल तर देऊ नका.

५८ नंतर कंपनीने तुम्हाला कामावर ठेवलं तरी पेन्शनची वर्गणी तिथे थांबली पाहिजे आणि कंपनीचे पूर्ण १२ टक्के पीएफकडे गेले पाहिजेत. पगारपत्रक बनवणाऱ्याने हे बदललं नाही तर पुढे दुरुस्तीच्या पत्रांतच वर्ष जातं. उलट तुम्हीच पेन्शन ६० पर्यंत पुढे ढकललीत तर दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. ५० नंतर आधीच घ्यायची सोयही आहे, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितकी वर्षाला ४ टक्के कपात, आणि ती कपात जन्मभराची. कर्जाचा हप्ता गळ्याशी आला म्हणून ५१ व्या वर्षी पेन्शन घेणं हा आमच्या मते फार महागडा सौदा आहे.

वाळवा तालुक्यातल्या साखर कारखान्यात मी २०१५-१६ च्या हंगामापासून हंगामी कामगार आहे. अकरा हंगाम झाले. यंदा ५८ भरलं. दावा भरायला गेलो तर सांगितलं, तुमची सेवा पाच वर्षंही होत नाही, दहा वर्षं नाहीत म्हणजे पेन्शन नाही, पैसे काढून घ्या. खरं आहे का?

सही करण्याआधी थांबा. ऊसपट्ट्यातल्या हंगामी माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते या एका मुद्द्यावर.

पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते हे खरं. (साडेनऊच्या वर असेल तर दहा धरतात.) पण पेन्शन योजनेतच, सेवा कशी मोजायची ते सांगणाऱ्या परिच्छेदात स्पष्टीकरण आहे: हंगामी कामगाराने एखाद्या वर्षात केलेली प्रत्यक्ष सेवा वर्षापेक्षा कमी असली, तरी ती पूर्ण वर्ष धरायची. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात बॉयलर पेटल्यापासून मार्च-एप्रिलात गाळप थांबेपर्यंत केलेलं काम, हे एक वर्ष. तुमचे अकरा हंगाम म्हणजे अकरा वर्षं. सरासरी पगार १४,००० धरला तर १४,००० गुणिले ११ भागिले ७०, महिन्याला २,२०० रुपये, तुमच्यामागे पत्नीलाही पेन्शन. त्याऐवजी एकरकमी पैसे उचललेत की हा दरवाजा कायमचा बंद.

मग कार्यालयाने पाच वर्षं का मोजली? कारण संगणकाला हंगाम कळत नाही. कारखान्याचं टाइम ऑफिस दर एप्रिलला तुमची ‘नोकरी सोडल्याची तारीख’ भरतं आणि पुढच्या ऑक्टोबरला नव्याने रुजू दाखवतं. काही ठिकाणी तर दर हंगामाला नवा सदस्य क्रमांक पडलेला असतो. पडद्यावर दिसतात ते पाच-पाच महिन्यांचे अकरा तुकडे. त्यांची बेरीज पंचावन्न महिने.

करायचं ते असं. सगळे सदस्य क्रमांक एकाच यूएएनखाली, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकाखाली, आले आहेत का ते आधी बघा. नसतील तर ट्रान्सफर घाला. मग टाइम ऑफिसकडून कारखान्याच्या पत्रावर दाखला घ्या. त्यात दोन गोष्टी हव्यात: हा कारखाना हंगामी आहे, आणि प्रत्येक हंगाम कोणत्या तारखेला सुरू होऊन कोणत्या तारखेला संपला. अकराच्या अकरा ओळी, तारखांसकट. ‘सदर कामगार आमच्याकडे हंगामी म्हणून होता’ एवढं मोघम पत्र उपयोगाचं नाही. हा दाखला पेन्शन मागण्याच्या १०-डी फॉर्मसोबत जोडा आणि अर्जात हंगामी सेवेचं कलम लागू करावं असं स्पष्ट लिहा. पोच घ्या.

जाता जाता आणखी एक. हंगाम नसताना कारखाना जो रिटेन्शन अलाऊन्स देतो, त्यावरही पीएफची वर्गणी देय आहे. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या जोडीने कायद्यात त्याचं नाव आहे. पावसाळ्यातल्या महिन्यांत रिटेन्शन हातात पडतं आणि पासबुकात मात्र शून्य दिसतं, असं असेल तर ते कारखान्याला लेखी विचारा.

आमचा कारखाना बंद पडला, मग दुसऱ्या कंपनीने भाड्याने घेतला. बंद पडण्याआधीची १४ महिन्यांची वर्गणी पगारातून कापली पण भरली नाही. जुना संचालक म्हणतो नव्याकडे मागा, नवा म्हणतो जुन्याकडे. (सातारा जिल्हा)

दोघांकडेही मागता येते. कारखाना विकला, भाड्याने दिला, बक्षीस दिला, काहीही केलं तरी हस्तांतराच्या तारखेपर्यंतची थकबाकी जुना आणि नवा मालक अशा दोघांच्या डोक्यावर असते. नव्याची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपुरती. भाडेकरारात ‘जुनी देणी आमच्याकडे नाहीत’ असं कलम दाखवतील. ते त्या दोघांमधलं आहे, कामगाराला लागू नाही.

तुमच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणं हा फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा आहे. थकबाकीवर १२ टक्के व्याज आणि दंड वसूल होतो. बँकेने कारखाना तारण धरला असेल तर सगळे हात वर करतात, ‘बँकेचं आधी’ म्हणतात. तेही बरोबर नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच साखर कारखान्यांच्या प्रकरणात सांगितलं आहे की बँकेकडे तारण असलेल्या साखरेच्या पोत्यांवरसुद्धा पीएफच्या देण्याचा हक्क आधी. कारखाना दिवाळखोरीत निघाला तरी पीएफ आणि पेन्शनचा पैसा लिलावाच्या मालमत्तेत धरत नाहीत.

पुरावा मात्र तुमच्याकडे हवा. त्या १४ महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, नसतील तर बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, आणि पासबुकाच्या त्याच महिन्यांच्या रिकाम्या ओळी. एकट्याच्या अर्जापेक्षा पन्नास जणांचा, नाव-यूएएन-थकलेले महिने असा तक्ता जोडलेला अर्ज लवकर हलतो. सांगली जिल्ह्याचं पीएफचं काम कोल्हापूरच्या क्षेत्रीय कार्यालयातून चालतं. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ शिबिर असतं. तिथे अर्ज दिलात तर तोच क्रमांक पुढे पाठपुराव्याला धरून ठेवा.

माझा १०-डी दोनदा परत आला. कारण म्हणे नाव जुळत नाही. हजेरीपटावर ‘बाबासो’, आधारवर ‘बाबासाहेब’. माणूस एकच, गाव एकच. (तासगाव)

आपल्याकडे बाबासो, आप्पासो, रावसो हे लिहिण्याची रीतच आहे. संगणकाला ती कोण शिकवणार? त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. ‘साहेब’मध्ये कुठे एक अक्षर जास्त, कुठे एक कमी. तेवढ्यावर फॉर्म परत येतो.

दुरुस्ती नेहमी आधार प्रमाण धरून करायची, त्यामुळे आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि लिंग आधी स्वतः तपासा. आधारच चुकीचं असेल तर सुरुवात तिथून. मग पॅन आणि बँक पासबुक त्याच स्पेलिंगवर आणा. हे तिन्ही जुळल्यावरच पीएफच्या सदस्य पोर्टलवर संयुक्त घोषणापत्र भरा. ते आधी मालकाच्या लॉगिनला जातं, त्याने मान्य केलं की पीएफ कार्यालयाकडे. अडतं ते बहुतेक मालकाच्याच लॉगिनमध्ये. हिशेबनिसाने रोज पोर्टल उघडलेलं नसतं. भरल्या दिवशीच त्याला फोन करा. ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारसह निघाला आहे त्यांना बऱ्याच दुरुस्त्या मालकाशिवाय करता येतात. तुमच्या वयाला तो जुना असणार, त्यामुळे मालकाची वाट चुकत नाही. कारखाना बंद असेल आणि सही करणारा कोणी उरला नसेल, तर राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या अधिकृत व्यक्तीच्या साक्षांकनाने घोषणापत्र चालतं.

बायकांच्या बाबतीत वडिलांचं नाव आणि नवऱ्याचं नाव यांचा घोळ हमखास असतो. लग्नाआधी सूतगिरणीत लागलेल्या बाईचं माहेरचं आडनाव रेकॉर्डला, आधार सासरच्या नावाचं. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा.

बाकी नेहमीच्या चुका सांगून ठेवतो. नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः भरता येते. जुन्या कंपनीचा पीएफ ट्रान्सफर झालेला असतो, पण पेन्शनची सेवा आलेली नसते. पैसे आले म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि आठ वर्षं गळतात. पत्नीसोबतचा फोटो वेगवेगळे दोन फोटो चिकटवून केलेला असतो, तो चालत नाही. बँक खातं संयुक्त असेल तर ते पत्नीबरोबरच हवं, मुलाबरोबर नको. १ जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते, त्यामुळे गावातल्या शाखेत खातं आहे म्हणून आता अडत नाही.

पलूसजवळच्या एका मोठ्या कंपनीत होतो. कागदांत पीएफ, ग्रॅच्युइटी आणि ‘सुपरअॅन्युएशन’ असं तिसरं काहीतरी आहे. ही ईपीएसच का?

नाही, ही वेगळी आहे. खासगी क्षेत्रात कंपनीने स्वखुशीने दिलेली खरी ‘कंपनीची पेन्शन’ म्हणाल तर ती हीच. कायद्याची सक्ती नाही, म्हणून थोड्याच कंपन्या देतात. कंपनी एक ट्रस्ट करते, विश्वस्त नेमते आणि दर वर्षी त्यात पैसे घालते. पुष्कळदा एलआयसीच्या गट योजनेमार्फत. पीएफ धरून मालकाचा एकूण हिस्सा पगाराच्या २७ टक्क्यांच्या आत ठेवायची जुनी मर्यादा असल्याने पीएफचे १२ वजा जाता सुपरअॅन्युएशनला १५ टक्के हा आकडा रूढ झाला.

इथे एक प्रश्न विचारूनच घ्या: ठरलेलं काय आहे, मिळणारी पेन्शन की भरायची वर्गणी? जुन्या योजनांत ‘शेवटच्या पगाराचा अमुक टक्के मरेपर्यंत’ असं वचन असायचं. फंड कमी पडला तर तूट कंपनीने भरायची. नव्या योजनांत कंपनी वर्गणी भरून मोकळी होते आणि पेन्शन किती ते निवृत्तीच्या वेळी साठलेली रक्कम आणि विमा कंपनीचा दर यावर ठरतं. कागदावर नाव दोन्हींचं एकच, जोखीम मात्र पहिल्यात कंपनीची आणि दुसऱ्यात तुमची.

निवृत्तीला साधारण एक तृतीयांश रक्कम रोख घेता येते आणि उरलेल्याची वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून ठरावीक पेन्शन, विकत घ्यावी लागते. त्या फॉर्मवरचे पर्याय घाईत टिकमार्क करू नका. ‘फक्त मी जिवंत असेपर्यंत’ या पर्यायात महिन्याचा आकडा सर्वांत मोठा दिसतो, म्हणून तोच निवडला जातो, आणि माणूस गेल्यावर बायकोला काही उरत नाही. पती-पत्नी दोघांच्या हयातीपर्यंतचा पर्याय थोडा कमी देतो, पण घर चालवतो. ही निवड पुढे बदलता येत नाही.

मुलगा अमेरिकेत एका कारखान्यात सहा वर्षं होता, आता सांगलीला परत आलाय. तिथून पत्र आलं, त्यात ‘प्लॅन स्पॉन्सर’ म्हणून कोणाचं तरी नाव आहे. हा सरकारी विभाग आहे का?

नाही. तिथे खासगी कामगारांच्या पारंपरिक पेन्शन योजनेचा प्रायोजक म्हणजे बहुतेक वेळा ती कंपनीच. योजना आखते कंपनी, पैसे घालते कंपनी, सूत्राने ठरलेली पेन्शन द्यायची जबाबदारीही तिची. फंड मात्र कंपनीच्या तिजोरीपासून वेगळ्या ट्रस्टमध्ये ठेवावा लागतो. १९७४ च्या ‘एरिसा’ कायद्याने तसं बंधन घातलं आहे. दुसरा प्रकार बांधकाम, वाहतूक अशा धंद्यांत दिसतो: युनियनशी झालेल्या करारातून अनेक मालक मिळून एकच योजना चालवतात आणि विश्वस्त मंडळात मालक आणि युनियन निम्मे-निम्मे असतात. पत्रातल्या स्पॉन्सरच्या जागी एखाद्या ‘बोर्ड ऑफ ट्रस्टीज’चं नाव असेल तर हा प्रकार समजा.

सरकार येतं ते विमेकरी म्हणून. पेन्शन बेनिफिट गॅरंटी कॉर्पोरेशन ही संस्था त्याच कायद्याने निघाली. कंपनी बुडाली तर ती एका मर्यादेपर्यंत पेन्शन देते आणि त्यासाठी योजनांकडून हप्ते घेते.

तुमच्या मुलाची सहा वर्षं कामाची आहेत की नाहीत हे ‘व्हेस्टिंग’वर ठरतं. अशा योजनांत हक्क एकतर पाच वर्षांनी पूर्ण पक्का होतो, नाहीतर तिसऱ्या ते सातव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने. याहून कडक अट कंपनीला घालता येत नाही. पहिला प्रकार असेल तर त्याचा हक्क पूर्ण आहे. त्याने योजनेच्या व्यवस्थापकाकडून ‘समरी प्लॅन डिस्क्रिप्शन’, म्हणजे योजनेची माहितीपुस्तिका, मागवावी. ते पुस्तक देणं त्यांना बंधनकारक आहे. आणि सांगलीचा पत्ता लेखी कळवावा. लोकांची पेन्शन तिथे बुडते ती कंपनी बुडाल्याने कमी, पत्ता हरवल्याने जास्त. तिथली सरकारी सोशल सिक्युरिटी ही मात्र निराळी गोष्ट. तिला ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम लागतं, आणि त्यासाठी भारत-अमेरिका सेवा जोडून धरायचा करार नाही.

मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. आम्ही नऊ जण. शेठ म्हणतात मला पेन्शन लागू नाही. वय ३०.

शेठ बरोबर बोलतात. पीएफची सक्ती वीस माणसांपासून. तुमचे प्रायोजक तुम्हीच. अटल पेन्शन योजना १८ ते ४० वयाला उघडी आहे, आयकर भरत नसाल तर. साठीनंतर महिन्याला ५,००० हवे असतील तर तिसाव्या वर्षी हप्ता ५७७ रुपये. अठराव्या वर्षी तोच २१०, चाळिसाव्या वर्षी १,४५४. बँकेत खातं असेल तर अर्ज दहा मिनिटांचा. हप्ता आपोआप वळता होतो, तेवढी शिल्लक खात्यात ठेवा, नाहीतर दंड लागतो.

फलटणहून विचारते. माझे यजमान कारखान्यात नोकरीला लागून सातच महिने झाले होते, ते वारले. लोक म्हणतात दहा वर्षं झाली नाहीत, काही मिळणार नाही. मुलं ९ आणि ६ वर्षांची आहेत.

लोक चुकीचं सांगतात, ताई. दहा वर्षांची अट कामगाराच्या स्वतःच्या पेन्शनला आहे. नोकरीत असताना मृत्यू झाला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी कुटुंबाला पेन्शन लागू होते. तुम्हाला दरमहा किमान १,००० रुपये, पगाराप्रमाणे जास्तही. हयातभर किंवा पुनर्विवाहापर्यंत. दोन्ही मुलांना प्रत्येकी तुमच्या पेन्शनच्या २५ टक्के, कमीत कमी २५०, वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत.

फॉर्म तोच, १०-डी. सोबत मृत्यूचा दाखला, तुमचं आणि मुलांचं आधार, मुलांचे जन्मदाखले, बँक पासबुक आणि तुमचा मुलांसह फोटो. नामनिर्देशन भरलेलं नसलं तरी पत्नी आणि मुलांचा हक्क जात नाही. पीएफची जमा रक्कम आणि विम्याची रक्कम यांचे फॉर्म वेगळे आहेत, २० आणि ५-आयएफ. तिन्ही एकाच वेळी द्या. विम्याचा हप्ता मालक वेगळा भरत असतो, तुमच्या यजमानांच्या पगारातून त्यासाठी काही कापलेलं दिसणार नाही, म्हणून तो पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. पेन्शन सुरू झाल्यावर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा. नोव्हेंबरच हवा असं नाही. दिल्या दिवसापासून बारा महिने तो चालतो.